फीत कुठे धरायची?

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी एक जुनी वाटणी आहे. तिच्यात आपल्या वाट्याला काय आलं याचा इंदूरकराला फार अभिमान, आणि तो खोटा नाही. मे महिन्यात दुपारी रस्त्याचं डांबर मऊ पडतं आणि रात्री दहानंतर असा गारवा उतरतो, की उघड्यावर झोपलेला माणूस पहाटे पायाशी चादर चाचपतो. आमच्या लोकमान्यनगरात आता गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि सोलरच्या पाट्या आहेत, माणसं खाली एसीत. पण सांवेरच्या बाजूला आमचं जे गाव आहे, तिथे अगदी अलीकडेपर्यंत आळीच्या आळी अंगणात खाटा टाकून झोपायची.

‘आमचं’ म्हणजे सासऱ्यांचं. होळकरांच्या काळात घराण्याकडे आलेली जमीन कायद्यांनी, वाटण्यांनी आणि मुलींच्या लग्नांनी झिजत झिजत आता थोड्या बिघ्यांवर आली आहे. एक जुनं घर आहे, त्याची मागची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी काळ्या मातीला मिळते. सोयाबीन आणि गहू बटाईने. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे मला काकी म्हणतात, आणि अजून तरी एकमेकांशी बोलतात. ते तसंच राहावं.

तर या गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं शेड आहे. तीसेक हजार पक्षी. लेयर कोंबडी दिवसाला साधारण एकशेदहा ग्रॅम खाद्य खाते, त्याच्या दुप्पट पाणी पिते, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि रोज शंभरेक ग्रॅम विष्ठा टाकते. शंभर ग्रॅम म्हणजे मूठभरही नाही. त्याला तीस हजारांनी गुणलं की रोजचे तीन टन होतात. एवढं शेण टाकायचं तर दीडशेहून जास्त म्हशी लागतील. दीडशे म्हशींचा गोठा आपल्या दारासमोर उभा राहतोय म्हटलं असतं, तर सगळा गाव पहिल्याच दिवशी गोळा झाला असता. कोंबड्या म्हटल्यावर कोणाला काही वाटलं नाही, कारण कोंबड्या प्रत्येकाच्या दारात होत्याच.

आता ही माळव्याची रात्र काय करते पाहा. दिवसा जमीन तापते, हवा वर चढते, ढवळून निघते आणि शेडचा वास तिच्यात विरून जातो. सूर्य बुडाला की उलटं होतं. जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते आणि पाण्यासारखीच उताराच्या दिशेने सरकायला लागते. माळ वर, त्याच्या उताराला लागून खाली नाल्याकाठी मजुरांची वस्ती, आणि गाव पलीकडे. ज्या गारव्यासाठी खाटा बाहेर यायच्या, तोच गारवा अमोनियाचा वास उचलून नेमका खाटांच्या उंचीवर आणून ठेवतो. वारा पडलेला असेल तर तो तिथेच बसतो, पहाटे उन्हं येईपर्यंत. नाकाला तिडीक बसते, डोळे चुरचुरतात, लहान मुलं झोपेत खोकतात. वस्तीतल्या लोकांनी खाटा आत घेतल्या त्याला आता काही उन्हाळे झाले. पत्र्याच्या घरात, मे महिन्यात.

तक्रार झाली की कोणीतरी पाहायला येतं. कुठल्या खात्याचं ते सोडा, सगळी खाती सारख्याच वेळी येतात, दुपारी बारा ते तीन. वर ऊन रटरटतंय, वारा भन्नाट सुटलेला, शेडपाशी उभं राहिलं तरी नाकाला रुमाल लावायची गरज पडत नाही. कागदावर लिहिलं जातं की वास विशेष जाणवला नाही. जे लिहिलं ते खरंच असतं. रात्री नऊला कोणी आलं असतं तर तेही खरंच लिहिलं असतं, पण रात्री नऊला सरकारी जीप गावात येते ती वेगळ्या कामांसाठी.

मध्य प्रदेशात वर्षातून चार ठरलेल्या ग्रामसभा असतात. २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. शेडचा विषय तापला तो १५ ऑगस्टच्या सभेत, आणि ते स्वाभाविकच होतं, कारण ऑगस्टात वासाच्या जोडीला माश्या येतात. झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांना बुंदीचे लाडू वाटले, आणि लाडू हातात घेऊन उभी असलेली पोरं दुसऱ्या हाताने सारखी माश्या हाकत होती. सभेत कोणी काही बोलायच्या आधीच विषय मांडला गेला होता.

सभेत तीन बाजू होत्या, पण भांडल्या दोनच.

एक बाजू शहरवाल्यांची. गेल्या काही वर्षांत गावाभोवतीच्या शेतांचे तुकडे पडून फार्महाउसं झाली आहेत. भिंती, फाटक, आत लॉन, एक झोपाळा, शनिवार-रविवारी गाड्या. ही मंडळी तयारीने आली होती. मोबाइलवर नियम उघडून, अर्जाच्या प्रती काढून. मंगळवारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनावणीलाही जाऊन आली होती. त्यांचं म्हणणं, आम्ही शुद्ध हवेसाठी लाखो रुपये घातले आणि इथे श्वास घेता येत नाही.

दुसरी बाजू शेडवाल्याची. तो पटेलांचा धाकटा, माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. माझं शेड आधी, तुमचे बंगले नंतर. येताना डोळे मिटून आलात का? ज्यांनी बापजाद्यांची जमीन प्लॉट पाडून विकली ते शहाणे, आणि मी गावात राहिलो, बँकेचं कर्ज उचललं, बारा-पंधरा घरांना काम दिलं, तर मी घाण? वासाचं काय करू, असं कोणीतरी खोदून विचारल्यावर म्हणाला, “हवा का कोई पटवारी थोड़े ही होता है.” सभा हसली. मीही हसले. वाक्य चांगलंच होतं.

‘आधी कोण आलं’ या एका प्रश्नावर मग दीड तास गेला. आणि हा प्रश्न असा गुळगुळीत आहे, की तो एकदा विचारला की बाकी सगळे प्रश्न त्याच्यावरून घसरून जातात. आधी आला तो बरोबर, नंतर आला त्याने सोसावं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण शेडपासून सगळ्यात जवळची जी घरं आहेत ती ना पटेलांची, ना फार्महाउसवाल्यांची. नाल्याकाठच्या वस्तीची आहेत, आणि ती वस्ती त्या दोघांच्याही आधीची आहे. गावात ज्यांना घर बांधायला वरची जागा कधी कोणी दिली नाही, ते लोक पिढ्यान् पिढ्या तिथे आहेत. आधी कोण, हे खरंच मोजायचं असेल तर पहिला नंबर त्यांचा. सभेत त्यांच्यातले सात-आठ जण मागे भिंतीला टेकून उभे होते. एकही बोलला नाही. त्यांच्या घरातल्या बायका शेडवर अंडी गोळा करायला जातात. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात, उधारी मिळते, अडीअडचणीला फुटकी अंडी मिळतात. रोजगार देणाऱ्याच्या समोर उभं राहून कोणी वासाबद्दल काय बोलणार?

माझी एक भाची अमेरिकेत रॅलेला राहते, नॉर्थ कॅरोलायनात. तिला फोनवर हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली, “मामी, हे तर आमच्याकडचंच सांगताय.” त्यांच्याकडून विल्मिंग्टनच्या समुद्रावर जायचं तर आय-४० हा रस्ता सॅम्पसन आणि डुप्लिन या दोन काउंट्यांतून जातो. तिथे डुकरांचे प्रचंड फार्म आहेत. शेडांच्या मागे विष्ठेची उघडी तळी, आणि ती भरत आली की त्यातलं पाणी फवाऱ्यांनी शेतात उडवायचं. आजूबाजूला राहणाऱ्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ, कित्येकांची घरं डुकरं यायच्या कितीतरी आधीपासून तिथे. त्यांच्या कपड्यांवर, भिंतींवर, गाड्यांवर त्या फवाऱ्याचे तुषार. १९९७ मध्ये राज्याने नवे फार्म थांबवले, पण होते ते राहिले. १९९९ मध्ये फ्लॉइड चक्रीवादळाचा पूर आला आणि तळीच नद्यांत गेली. शेवटी शेजारी कोर्टात गेले. २०१८ मध्ये एका खटल्यात ज्युरीने सत्तेचाळीस कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. राज्यात दंडात्मक भरपाईवर कमाल मर्यादेचा कायदा होता, त्यामुळे ती साडेनऊ कोटींच्या आत आली.

यातली मला खरी शिकवणारी गोष्ट खटल्याच्या रकमेची नाही, त्यानंतरची आहे. त्याच २०१८ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलला. आता शेजाऱ्याला असा दावा करायचा तर त्याची मालमत्ता फार्मपासून अर्ध्या मैलाच्या आत हवी, आणि फार्म सुरू झाल्यापासून किंवा त्यात मोठा बदल झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा हवा. म्हणजे वास पाऊण मैल गेला तरी हक्क अर्ध्या मैलावर संपतो. तिथेही शेवटी सगळं अंतर मोजायच्या फितीवरच आलं.

आपल्याकडची फीत काय म्हणते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्रीसाठी मार्गदर्शक सूचना आहेत. आधी एक लाखाच्या वर पक्षी असतील तरच संमतीची भानगड होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० मध्ये हे पुरेसं नाही म्हटलं, आणि २०२१ नंतरच्या सुधारणेत पाच हजारांच्या वरच्या फार्मांना राज्य मंडळाची संमती लागू झाली. अंतरही सांगितलं आहे. निवासी क्षेत्रापासून ५०० मीटर, नदी-तलाव-कालव्यापासून आणि पिण्याच्या पाण्यापासून १०० मीटर.

पाचशे मीटर. फार्महाउसवाले हाच आकडा घेऊन बसले होते. पटेलांच्या धाकट्याकडेही हाच आकडा होता, कारण त्याच्या शेडपासून गावाची आबादी पाचशेहून जास्तच आहे. दोघंही खरं बोलत होते. एकाने फीत आपल्या फाटकापासून धरली, दुसऱ्याने आबादीच्या हद्दीपासून.

आबादी म्हणजे महाराष्ट्रात ज्याला गावठाण म्हणतात ते. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोन उडाले, आबादीतल्या घराघराचे नकाशे झाले, मालमत्तेचे कागद मिळाले. चांगली गोष्ट. आमच्या पडक्या घरालाही कागद मिळाला. पण ड्रोनने आबादी मोजली. नाल्याकाठची वस्ती आबादीत नाही. ती चरनोईच्या जमिनीवर आहे, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जमिनीवर. महसुलाच्या नकाशात तिथे गवत आहे. गवतापासून शेड किती लांब असावं याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. त्यामुळे ज्या घरांत वास पहिल्यांदा पोचतो आणि शेवटी निघतो, ती घरं फितीच्या हिशोबाने घरंच नाहीत. त्यांना अंतर लागू नाही.

एकदा मात्र याच देशात फीत अगदी बरोबर धरली जाते. बर्ड फ्लू येतो तेव्हा. इंदूरला ते आठवत असेल. २०२०-२१ च्या हिवाळ्यात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि तपासणीत एच५एन८ निघाला. काही दिवस शहरभर अंडी-चिकन खाणारे आणि न खाणारे सारखेच घाबरले होते. पक्ष्यांत असा रोग निघाला की सरकार नकाशावर कंपास ठेवतं. मध्यभागी रोगाचं ठिकाण, भोवती एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. एक किलोमीटरच्या आत आबादी आणि चरनोई, पक्कं घर आणि झोपडी असा फरक नाही. वस्तीतल्या म्हातारीच्या चार देशी कोंबड्याही त्यात येतात आणि मारल्या जातात. म्हणजे धोका मोजायचा असला की ती म्हातारी नकाशावर असते, आणि परवानगी द्यायची असली की नसते. शेड आणि माणूस यांच्यातलं अंतर कसं मोजावं हे सरकारला येत नाही असं कोणी म्हणू नये.

आता थोडं शहराबद्दल. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तो इंदूरचा. माझ्या लग्नानंतरच्या वर्षांत आमच्या मागच्या गल्लीत दोन गोठे होते. सकाळी बरण्या घेऊन धारोष्ण दूध आणायला जायचं आणि दिवसभर नाल्यात वाहणाऱ्या शेणावर नाक मुरडायचं, असा दुहेरी संसार होता. स्वच्छतेच्या मोहिमेत महापालिकेने शहरातले गोठे पाडले, गुरं हद्दीबाहेर गेली. गल्ली स्वच्छ झाली, मला आनंदच झाला, आणि आजही तो आनंद परत करायची माझी तयारी नाही. पण दूध पिणं काही आम्ही कमी केलं नाही. छप्पन दुकान या खाऊगल्लीत एग बेंजोच्या, म्हणजे पावातल्या आमलेटच्या, तव्यापुढची गर्दी तर वाढलीच. गोठे गेले ते कुठेतरी गेले, आणि ‘कुठेतरी’ला एक सरपंच असतो, एक नाला असतो, नाल्याकाठी माणसं असतात.

देवगुराडियाला आमच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा मोठा कारखाना आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, त्या गॅसवर शहरात बस चालतात. त्याचं नाव गोबरधन. त्यात भाजीची देठं, उष्टं, आणि अर्थात अंड्यांची टरफलंही जातात. अंड्याच्या टरफलाची एवढी आधुनिक व्यवस्था करणाऱ्या शहराला, ते अंडं जिथून आलं तिथल्या तीन टनांचं काय होतं हे माहीत नसतं. आणि या राज्यात अंड्यावर वाद होतच नाहीत असं नाही. अंगणवाडीतल्या पोरांना अंडं द्यावं की नाही यावर २०१५ पासून सरकारं हो-नाही करत आली आहेत. अंड्याच्या बाबतीत आपल्याला ताटापुढचं दिसतं, ताटामागचं नाही.

पटेलांच्या धाकट्याची बाजूही नीट सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण फार्महाउसच्या लॉनवर बसून केल्यासारखं होईल. अंड्याचा भाव तो ठरवत नाही. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज भाव जाहीर करते, आणि त्यातही व्यापारी घासाघीस करतो ती वेगळी. खाद्याचा भावही त्याच्या हातात नाही. खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड, जिला बाजारात सगळे डीओसी म्हणतात. आपला माळवा सोयाबीनचा, संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदूरलाच. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. थोरला भाऊ शेती करतो, तो पेढे वाटत होता. धाकटा डोक्याला हात लावून बसला होता. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, भाव घसरले, आणि पेढे दुसऱ्या घरी गेले. एकाच अंगणात हे दोन भाऊ. शेडमधलं कोंबडीखत पुन्हा थोरल्याच्या बटाट्याला आणि लसणाला जातं, आणि पीक जोरदार येतं हे मी माझ्याच शेतात पाहिलं आहे. वास आणि पीक एकाच ट्रॉलीतून येतं म्हणून गावात कोणालाही शंभर टक्के शेडच्या विरुद्ध होता येत नाही.

सभेनंतर मी शेड आतून पाहायला गेले. त्याने दाखवलं, आढेवेढे घेतले नाहीत. बरोबर माझ्या दिरांचे मित्र होते, महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले, आता निवृत्त. वर पिंजऱ्यांच्या ओळी, खाली जमिनीवर विष्ठेचे ढीग, महिनोन् महिने साठणारे. मला वाटायचं की ढीग दिसला म्हणजे माश्या आल्याच. डॉक्टर वाकून वाकून ढिगाकडे पाहत होते. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणी असतं, ते म्हणाले. हवा खेळती असेल तर ती दोन-चार दिवसांत वाळते, तिचे शंकूसारखे कोरडे ढिगारे बनतात आणि त्यात अळी जगत नाही. ओल राहिली की संपलं. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या माशीपर्यंत सात ते दहा दिवस पुरतात. मग त्यांनी पाण्याच्या नळीवरचे निपल दाखवले, ज्यांना चोच लावून कोंबड्या पाणी पितात. गळके. एकेका निपलाखाली हातभर ओला डाग, आणि त्या डागात हाताच्या बोटांनी ढवळल्यासारखी हालचाल. उरलेला ढीग कोरडा ठणठणीत. बाजूच्या छपराची वळचण तोकडी, पावसाची झड सरळ आत. गावाच्या जीवावर उठलेल्या माश्या त्या तीन टनांतून येत नव्हत्या. काही गळक्या निपलांतून आणि दोन फूट कमी पडलेल्या पत्र्यातून येत होत्या.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. लोकांनी ओरड केली की हा भर पावसात सगळं खत एका दमात उचलायचा. त्या जुन्या कोरड्या थरात माशीच्या अळ्या खाणारे बारीक भुंगे आणि माइट असतात. सगळं खरवडून नेलं की तेही जातात, आणि नव्या ओल्या विष्ठेवर माशीला राखणदार उरत नाही. खाली थोडा जुना थर ठेवून बाकीचं उचलावं, आणि उचलायचं ते कोरड्या दिवसांत. गाव ओरडत होतं, तो गावाचं ऐकत होता, आणि ऐकल्यामुळे माश्या वाढत होत्या.

निपल बदलले गेले, पत्रा वाढला. पुढच्या श्रावणात माश्या कमी होत्या. याचं श्रेय कोणी कोणाला दिलं नाही. वास मात्र राहिला, कारण तीस हजार पक्षी आहेत तिथे तो राहणारच. कोरड्या विष्ठेचा कमी, ओल्याचा जास्त, एवढाच फरक. त्याला अंतराशिवाय दुसरं औषध मला तरी दिसत नाही.

म्हणूनच फीत महत्त्वाची, आणि आता प्रश्न दुसऱ्या शेडचा आहे. त्याला तेवढंच आणखी एक बांधायचं आहे, पंचायतीकडे ना-हरकतीचा अर्ज पडला आहे. माझं मत मी पंचायतीत लिहून दिलं आहे. फीत आबादीच्या हद्दीपासून धरू नका, शेडच्या सगळ्यात जवळच्या राहत्या घरापासून धरा. मग ते घर कोणाच्याही जमिनीवर असो, आणि कागदावर तिथे गवत उगवलेलं असो. आणि पाहणी एकदा रात्री नऊनंतर करा, वारा पडलेला असताना.

धाकट्याने माझा अर्ज वाचला. रागावला नाही, पण त्याने जे विचारलं त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. काकी, म्हणाला, प्रत्येक राहत्या घरापासून पाचशे मीटर धरायचं तर शेताशेतात बंगले झालेत. सात-बाराच्या सात-बारा धुंडाळल्या तरी या गावात मला शेड बांधायला जागा उरत नाही. उद्या कोणी प्लॉट घेऊन एक खोली टाकली की माझं चालू शेडही बेकायदा? (सात-बारा हा शब्द त्याने माझ्यासाठी वापरला, तिथे खसरा म्हणतात. मराठी घरात यायचं तर मराठी कागद काढायचा, हे इंदूरच्या आसपासच्या लोकांना छान जमतं.)

त्याचं बरोबर आहे. परवानगीच्या दिवशी जी घरं उभी आहेत, तीच मोजावीत असं मला वाटतं. नंतर येणाऱ्याने शेड पाहून यावं, आणि विकणाऱ्याने ते सांगून विकावं. म्हणजे ‘आधी कोण’ हा प्रश्न मीही शेवटी वापरतेच आहे. फक्त तो विचारायचा तर खऱ्या पहिल्यापासून विचारावा. फार्महाउसवाल्यांना माझं हे म्हणणं अजिबात पटलेलं नाही. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं की तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात ते ठरवा. मी म्हटलं, उताराच्या बाजूने. त्या हसल्या नाहीत.

पण परवानगीच्या दिवशी कोणती घरं उभी होती हे सांगायला कुठेतरी लिहिलेलं हवं, आणि वस्तीची तर नोंदच नाही. म्हणून सध्या ते काम चाललं आहे. पंचायतीच्या सचिवांनी एक वही दिली, बारावीतली एक मुलगी लिहून घेते, मी बरोबर असते म्हणून दारं उघडतात. घरमालकाचं नाव, माणसं किती, किती वर्षांपासून, शेडपासून पावलं किती. पावलं ती मुलगी स्वतः मोजते, आणि खरी फीत येईल तेव्हा पडताळून पाहू म्हणते. सभेत भिंतीला टेकून गप्प उभे राहिलेले लोक आपल्या दारात उभे राहून बरंच बोलतात. रात्री कोणत्या बाजूचं खिडकीचं भोक फडक्याने बुजवतात तेही दाखवतात.

परवा एका घरी नाव लिहून झालं, तर तिथल्या बाईने वही बंद करू दिली नाही. दाराशी तिच्या शेळ्या बांधलेल्या होत्या, एक गाभण. शेजारीण त्यांच्या वासावरून रोज भांडते म्हणाली, तेव्हा आधी सांगा, या वहीने उद्या माझ्या शेळ्या इथून हलवणार का? मी म्हटलं, नियम पाच हजारांच्या वरच्या कोंबड्यांसाठी आहे, शेळ्यांचं त्यात काही नाही.

“मग शेळ्याही लिहा,” ती त्या मुलीला म्हणाली, “नाव घालून लिहा. त्याही इथेच राहतात.”